तीन हजार एकशे चौदाची पेटी

१

सोमवारी सकाळी ताईने कोअर-शेडचं कुलूप काढलं तेव्हा तिचं डोकं आधीच तापलेलं होतं.

शनिवारी पहाटे समुद्रातल्या चौथ्या विहिरीत गॅस उसळला होता. अंदाज बांधला होता त्याच्या सव्वापट दाब. रिगवर त्या पाळीचा प्रमुख होता तिचा पाठचा भाऊ, बाळ्या. वय चव्वेचाळीस, पण घरात अजून बाळ्याच. त्याने झडप बंद केली, सत्तर माणसं सुखरूप ठेवली, आणि स्वतः डाव्या हाताची तीन बोटं घालवून, दोन बरगड्या मोडून घेऊन हॉस्पिटलात पडला. रविवारी दुपारीच कंपनीचं पत्रक निघालं. त्यात त्याच्या कौतुकाचं अक्षर नव्हतं. त्याच्या नावापुढे ‘प्रथमदर्शनी मानवी चूक’ एवढंच होतं.

ताई कोअर-शेडची प्रमुख. विहीर खोदताना ठरावीक खोलीवर खडकाचा सलग दांडा कापून वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. त्याचे मीटरभराचे तुकडे लांबट पेट्यांत घालून शेडमधल्या फळ्यांवर मांडलेले असतात. प्रत्येक पेटीवर खोलीचा आकडा. हा दगडांचा संसार ती एकवीस वर्षं सांभाळत होती. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत, पाठीमागे दगडूबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं.

बाहेरून चौकशी समिती यायची होती, गुरुवारी. तिसऱ्या विहिरीचा कोअर तयार ठेवा, असा निरोप होता. एकतीसशे एकपासून एकतीसशे एकोणपन्नासपर्यंत, एकोणपन्नास पेट्या. तिने मोजल्या. अठ्ठेचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या. एकतीसशे तेरा आणि एकतीसशे पंधराच्या मध्ये फळीवर धुळीची चौकट होती आणि चौकटीच्या आत स्वच्छ लाकूड.

अर्ध्या तासाने ती प्रकल्पप्रमुखांच्या केबिनमध्ये उभी होती. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांनी तिला बसायला सांगितलं नाही.

“कुलूप फोडलंय?”

“नाही.”

“चाव्या दोनच. एक माझ्या तिजोरीत.” त्यांनी पाकीट काढून समोर टाकलं. लाखेचं सील शाबूत होतं, त्यावर दोघांच्या सह्या होत्या. “राहिली तुमची. पेटी गायब, भाऊ तुमचा. समितीला मी काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.”

“म्हणजे मी भावाला वाचवायला दगड पळवला, असं तुमचं म्हणणं?”

“मी कुठे काय म्हणतोय? लोक म्हणतील. गुरुवारपर्यंत पेटी मिळाली नाही तर निलंबनाच्या कागदावर मला सही करावी लागेल.”

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती गप्प बसली, कारण एक गोष्ट तिला माहीत होती आणि साहेबांना नव्हती. एकतीसशे चौदाच्या पेटीत काहीच नव्हतं. नुसता करडा, सरधोपट वाळूचा खडक, तसला शेडमध्ये ढिगाने पडला होता. ज्या पेटीसाठी कोणी जीव टाकला असता ती एकतीसशे चाळीसची, आणि ती फळीवर जागच्या जागी होती. तिच्यात वीतभर काळपट, भरडलेला चुरा होता.

चोर घरात शिरला होता, दागिन्यांचा डबा तसाच ठेवून केरसुणी घेऊन गेला होता.

का?

२

दुपारी ती घरी जेवायला गेली. तिचा नवराही त्याच कंपनीत होता. जमिनीखाली किती गॅस आहे, तो कसा वाहील, याचं गणित मांडणारा, म्हणून ऑफिसात त्याला मास्तर म्हणत. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. तिच्या शेडमध्ये त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. “तुझे दगड तुला, माझे आकडे मला,” हे त्याचं आवडतं वाक्य होतं.

शनिवारी फोन आला तशी ती अंगावरच्या कपड्यांनिशी हॉस्पिटलात धावली होती. चाव्यांचा जुडगा स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला तसाच राहिला, तो थेट सोमवारी सकाळी तिने उचलला.

“अहो, रविवारी घरी कोण कोण आलं होतं?”

“विचारपूस करायला? कॅप्टन आला होता. ऑफिसातले आजोबा येऊन गेले. ती मॉडेलवाली पोरगी तुझे कपडे न्यायला आली होती.” त्याने पाण्याचा घोट घेतला. “मधे तासभर मी औषधं आणायला गेलो होतो, दार नुसतं लोटलेलं होतं. का गं?”

“शेडमधून पेटी गेलीय. चावी इथूनच गेली आणि इथेच परत आली.”

“हे बघ, तू यात पडू नकोस. समिती येतेय, ती बघेल.”

“समिती येईपर्यंत मला चोर ठरवून मोकळे होतील.”

तो उठला. ताट उचलून मोरीत ठेवायला गेला.

कॅप्टन म्हणजे विहिरींचा आराखडा करणारा इंजिनियर. जहाजाशी त्याचा संबंध नव्हता, पण बोलायचा हुकूम सोडल्यासारखा, म्हणून कॅप्टन. ताई त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली तेव्हा त्याने आधी दार लावून घेतलं.

“मला माहीत आहे तुम्ही काय विचारणार. विहिरीत जड चिखल भरतो आपण, गॅसला दाबून धरायला. तो किती जड हवा ते मी ठरवतो. पण कशावरून? मला वरून आकडा येतो त्यावरून. चौथी विहीर उत्तरेची. कागदावर लिहिलं होतं, उत्तरेचा दाब दक्षिणेइतकाच. मी तेवढाच चिखल धरला.”

“आणि पत्रकात माझ्या भावाचं नाव घालताना हे सांगावंसं वाटलं नाही?”

“सही साहेबांची आहे.”

“तोंड तर तुमचं आहे ना?”

कॅप्टनची मान खाली गेली. “ताई, तिसऱ्या विहिरीत एकतीसशे चाळीसला तो काळा चुरा लागला, त्याच दिवशी मी विचारलं होतं. पुढे साहेबांच्या सहीचं लेखी उत्तर आलं, तिथली भेग उघडी आहे, दाब दोन्हीकडे सारखा, काळजी नसावी. मग माझी काय चूक?”

“माझी काय चूक, हे वाक्य मी कालपासून तिसऱ्यांदा ऐकतेय. बोटं तुटलेला तेवढा एक हे म्हणत नाहीये.”

ती दार उघडून बाहेर पडली. भेग बंद होती की उघडी, सगळं त्यावर अडलं होतं. तो निर्णय कोणाचा, ते सांगू शकणारा एकच म्हातारा होता.

३

मुख्य भूवैज्ञानिक सत्तरीचे होते, म्हणून आजोबा. त्यांच्या खोलीत भिंतभर नकाशे होते. प्रत्येकावर पुसून पुन्हा काढलेल्या रेघा.

“बस. चहा घे. रागावलीयस, कळतंय मला.”

“चहा नको. ती भेग कोणी उघडी केली ते सांगा.”

आजोबांनी घाई केली नाही. त्यांनी पहिला नकाशा दाखवला. “पहिल्या विहिरीत गॅस लागला तेव्हा मी म्हटलं, खाली उपडी ठेवलेली परात आहे, अखंड, आणि परातीखाली गॅस. हे माझं पहिलं मॉडेल. दुसऱ्या विहिरीत पाणी चाळीस मीटर वरच लागलं. म्हणजे परात मी समजलो तेवढी खोल नव्हती. पहिलं मॉडेल मेलं. दुसरं केलं. तिसऱ्या विहिरीत तुझा तो काळा चुरा निघाला. खडक तिथे चिरलाय, दोन बाजू एकमेकींवर घासल्यात, मध्ये चिकणमाती भरलीय. म्हणजे परातीचे दोन तुकडे. दुसरं मॉडेलही मेलं.”

“आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही?”

“कसलं? शोधाच्या काळात प्रत्येक विहीर मॉडेलला मारायलाच खोदायची असते. नाहीतर एवढा खटाटोप कशाला?” त्यांचा आवाज चढला. “ती भेग गॅसला आरपार जाऊ देत असेल तर दोन्हीकडे दाब सारखा. बंद असेल तर उत्तरेत काय वाढून ठेवलंय ते देवालाच ठाऊक. तिथला दाब मोजायचं यंत्र तिसऱ्या विहिरीत अडकलं, मोजमाप झालंच नाही. म्हणून मी तिसऱ्या मॉडेलमध्ये भेग बंद धरली. जिथे माहीत नाही तिथे वाईट तेच धरायचं. पण शेवटच्या मॉडेलमध्ये ती उघडी निघाली. मला कळलं की पोरीने सगळं तपासून बदललंय. मी विश्वास ठेवला.”

“पोरीने?”

“मॉडेलवालीने. कॉम्प्युटरवर मॉडेल तीच मांडते, तिच्याशिवाय हात कोण लावतो? तो कोअर मी स्वतः बघितलाय, ताई. एकेका पेटीवर आकडा माझ्या अक्षरात आहे. माझा त्या चुऱ्यावर भरवसा होता. तिचा नव्हता बहुतेक.”

ताईने खुर्ची इतक्या जोरात सरकवली की आजोबांचा चहा बशीत सांडला. आपल्याबरोबर शेडमध्ये बसून, तो चुरा बोटांनी चाचपून बघणारी ती पोरगी, आणि तिनेच?

४

मॉडेलवालीच्या खोलीत कॉम्प्युटरचे दोन मोठे पडदे होते आणि तिचे डोळे रडून सुजलेले होते. वय असेल एकोणतीस-तीस.

“तू भेग उघडी केलीस?”

“नाही.”

“खोटं बोलू नकोस, माझ्यात आता सहन करायची ताकद नाहीये.”

“हे बघा.” तिने नोंद उघडून दाखवली. मॉडेलमध्ये कोणी, केव्हा, काय बदललं याची यादी होती. दोन महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी भेगेपुढचं शून्य पुसून एक केला होता. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे उघडी. बदलणाऱ्याचं नाव मॉडेलवालीचं.

“माझं नाव आहे, पण मी नव्हते. माझा पासवर्ड या चिठ्ठीवर आहे, कीबोर्डखाली. अख्ख्या मजल्याला माहीत आहे. मला कळलं तेव्हा मी विचारलं, तर सांगण्यात आलं की हा आजोबांचा निर्णय. मी धाकटी, मी काय बोलणार?”

ताईने पिशवीतून शेडचं रजिस्टर काढलं. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हे लिहून घेतल्याशिवाय ती कोणाला दगडाजवळ फिरकू देत नसे. लोक त्यावरून तिची चेष्टा करत. तो गुरुवार तिने काढला. मॉडेलवाली : दोन ते पाच. सही दोन्हीकडे.

“तीन वाजून दहा मिनिटांनी तू माझ्यासमोर स्टुलावर बसली होतीस,” ताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा थोडा खाली आला. “दाखव मला ती भेग.”

पडद्यावर परात उगवली, रंगीत थरांची, आणि मधून जाणारा तो उभा काप. पोरीने तिसऱ्या विहिरीवर बोट ठेवलं. शेजारी आकडा उमटला.

३११४.

ताई बघतच राहिली. “हा आकडा इथे कसा?”

“भेगेची खोली. का?”

“पेटीवर तर एकतीसशे चाळीस आहे.”

“पेट्यांवर रिगच्या फळीपासून मोजलेलं असतं, मॉडेलमध्ये समुद्राच्या पातळीपासून. फळी पाण्याच्या वर सव्वीस मीटर. आपण त्या दिवशी वजाबाकी केली होती ना, तुमच्या रजिस्टरच्या कडेला.”

खरंच, कडेला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. एकतीसशे चाळीस वजा सव्वीस.

म्हणजे चोर केरसुणी न्यायला आलाच नव्हता. तो दागिन्यांसाठीच आला होता. त्याच्या डोक्यात एकतीसशे चौदा होतं, फळीवर त्याच आकड्याची पेटी दिसली, त्याने उचलली. चुरा प्रयोगशाळेत गेला असता तर भेग बंद होती हे चार दिवसांत कळलं असतं. ते त्याला नको होतं.

ताई तिथेच खुर्चीवर बसली आणि एकेकाला मनात उभं केलं. कॅप्टन सगळं रिगच्या फळीपासूनच मोजतो, त्याने बोलतानाच एकतीसशे चाळीस म्हटलं. तो चुकला नसता. आजोबांनी तर पेट्यांवर स्वतःच्या हाताने आकडे घातले होते. ही पोरगी मॉडेलमधलेच आकडे वापरते, पण वजाबाकी तिनेच शिकवली. आणि साहेबांच्या चावीचं सील शाबूत आहे.

राहतो कोण? ज्याचे सगळे आकडे समुद्राच्या पातळीपासून असतात. ज्याने कोअरच्या पेटीला आयुष्यात हात लावलेला नाही. ज्याच्या हाताशी रविवारी ती चावी होती.

“निर्णय आजोबांचा आहे, हे तुला कोणी सांगितलं?” तिने विचारलं.

पोरगी घुटमळली. “ताई, तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं होतं.”

ताईने आजोबांना फोन लावला. “पोरीने तपासलंय, हे तुम्हाला कोणाकडून कळलं?”

दोघांनी एकच उत्तर दिलं. मास्तर.

५

मंगळवारी संध्याकाळी तो व्हरांड्यात वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसला होता. काखेत कळसा असताना ती दोन दिवस गावभर फिरली होती. ती समोर बसली.

“अहो, चुकीची पेटी नेलीत.”

“शक्य नाही,” तो म्हणाला. “एकतीसशे चौदाच होती ती.”

मग पेन्सिल थांबली. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी शेवटपर्यंत ऐकू आली.

“सव्वीस मीटर,” ताई म्हणाली. “रिगची फळी. तुम्ही नुसतं झाकण उघडलं असतंत तरी कळलं असतं की आत साधी वाळू आहे.”

“घाईत होतो,” तो पुटपुटला. “दोन महिने तो आकडा डोळ्यांसमोर नाचत होता. दुसरं काही दिसलंच नाही.”

“का केलंत?”

त्याने चष्मा काढला. “पहिल्या दोन विहिरींचे दाब एका रेषेवर होते. स्वच्छ रेषेवर. मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं की खाली एकच साठा आहे. तीस वर्षांत माझं गणित चुकलेलं नाही. आणि वीतभर चुऱ्यासाठी मी म्हणायचं की मला माहीत नाही? पुरावा नव्हता, फक्त शंका होती. शंका मी पुसली.”

“पुरावा माझ्या शेडमध्ये पडला होता. चार दिवसांची चाचणी.”

“आजोबांची ती भेग बंदच राहिली असती तर सगळं पुन्हा मांडावं लागलं असतं. लोक हसले असते.”

“आजोबांची दोन मॉडेलं मेली. हसलं का कोणी?”

“त्यांचं वेगळं आहे. ते अंदाज करतात. मी गणित करतो.”

ताईने त्याच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेऊन बाजूला फेकलं. दुःख असतं तर तिने ओळखलं असतं. हा नुसता संताप होता.

तो पुढे वाकला. “झालं ते झालं. दोनच बोटं...”

“तीन.”

“तीन. कंपनी त्याला जमिनीवरचं काम देईल, मी बोलेन साहेबांशी. पण हे बाहेर गेलं तर माझं नाव मातीत जाईल. आपलेच दात, आपलेच ओठ. तू समजून घे.”

“ओठ माझ्या भावाचा फाटलाय,” ती म्हणाली. “पासवर्ड त्या पोरीचा वापरलास. नाव आजोबांचं सांगितलंस. चावी माझी नेलीस. आणि चूक बाळ्याच्या गळ्यात बांधलीस. तू स्वतः यात कुठे आहेस रे?”

तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

“गुरुवारपर्यंत वेळ आहे,” ती उठत म्हणाली. “स्वतः सांग. नाहीतर मी सांगणार.”

ती दारापर्यंत पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, “बाळ्याही गप्पच आहे ना? त्याला जाऊन विचार, का गप्प आहे ते.”

६

बुधवारी हॉस्पिटलात ती भावाच्या खाटेपाशी बसली आणि प्रस्तावना न करता विचारलं, “तू काय लपवतोयस?”

बाळ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचा डावा हात पांढऱ्या गठ्ठ्यासारखा छातीवर ठेवलेला होता.

“कोण म्हणालं?”

“तुझे भाऊजी.”

हे ऐकून त्याने डोळे मिटले. “शुक्रवारी संध्याकाळी मी रिगवरून त्यांना फोन केला होता. खोदताना वर येणारा चुरा मला बरा वाटत नव्हता. थोडा गॅसही जास्त येत होता. म्हटलं, भाऊजी, उत्तरेचा दाब नक्की दक्षिणेइतकाच आहे ना? चिखल जड करायला थांबू का एक दिवस?”

“मग?”

“म्हणाले, डोळे झाकून जा. मी स्वतः मांडलंय गणित.”

ताईने खुर्ची खाटेजवळ ओढली. मघापर्यंत ती समजत होती की त्याने दोन महिन्यांपूर्वी एक आकडा बदलला आणि मग गोष्टी हाताबाहेर गेल्या. पण त्याला आदल्या दिवशी पुन्हा विचारलं गेलं होतं. रिगवर कोण आहे हे माहीत असताना विचारलं गेलं होतं. एक ‘थांब’ पुरला असता.

“आणि हे तू पाच दिवस कोणाला सांगितलं नाहीस?”

“कसं सांगू? कंपनीच्या फोनवर नोंद असेल, पण मी त्यांच्याशी काय बोललो ते कोणाला माहीत? सांगितलं तर तुझं घर मोडेल, ताई.”

“माझं घर,” ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवली, पण तिला पर्वा नव्हती. “माझं घर मोडायचं की ठेवायचं, हे तुम्ही दोघं पुरुष मिळून ठरवणार? तो मला न विचारता चावी नेणार, तू मला न विचारता बोटं देणार, आणि मी मध्ये बसून चहा करणार. तुझ्या तुटक्या हातावर उभं राहिलेलं घर मला नकोय, बाळ्या. कळलं?”

“कळलं.”

“मग उद्या समितीची माणसं इथे येतील तेव्हा तोंड उघड.”

“भाऊजींना काय होईल?”

“तो विचार त्याने करायचा होता. शुक्रवारी, फोन हातात असताना.”

७

गुरुवारी बैठकीच्या खोलीत ताई स्वतः पेटी उचलून घेऊन आली. लांब टेबलाच्या एका बाजूला समितीची तिघं बसली होती, मध्ये अध्यक्षबाई. दुसऱ्या बाजूला साहेब, कॅप्टन, आजोबा, मॉडेलवाली. टोकाला मास्तर. तो अजून काही बोललेला नव्हता. तिने सकाळभर वाट पाहिली होती.

तिने पेटी टेबलावर ठेवली, झाकण काढलं. करड्या खडकाच्या मधोमध तो काळपट चुरा दिसत होता.

“हरवलेली सापडली?” साहेबांनी विचारलं.

“ही हरवलीच नव्हती. हरवली ती दुसरी. कोणी, का आणि कशी चुकून नेली, तेच सांगायला आलेय.”

तिने सांगितलं. रजिस्टरमधला गुरुवार, पडद्यावरचा आकडा, सव्वीस मीटरची वजाबाकी, खिळ्यावरची चावी, शुक्रवारचा फोन. एक एक पायरी, आवाज न चढवता. राग तिच्या बोलण्यात नव्हता, तो तिच्या हातात होता. झाकण तिने इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. शेवटी तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

साहेबच पहिले सावरले. “थांबा. हे आरोप नेमके कोण करतंय? शेडची प्रमुख? की घरातल्या भांडणावरून कोणाची बायको?”

“दोन्ही नाही,” ताई म्हणाली. “विहिरीवर उभा होता त्याची बहीण. आणि साहेब, तिसऱ्या मॉडेलमध्ये बंद असलेली भेग चौथ्यात उघडी कशी झाली, हे सही करणाऱ्याने एकदा तरी विचारायला हवं होतं. तुमची सही आहे खाली. वाचली होतीत का?”

साहेबांनी कागद चाळायला घेतले.

अध्यक्षबाईंनी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. “तुम्हाला काही म्हणायचंय?”

मास्तर उठला. एका बाजूला झुकलेला, अचानक म्हातारा झालेला. “पेटी मी धक्क्यावरून समुद्रात टाकली,” तो म्हणाला. “बाकी ती म्हणते तसंच आहे. शुक्रवारचा फोनही.” मग त्याने मॉडेलवालीकडे पाहिलं. “तुझं नाव वापरलं.”

ती पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. तिने मान हलवली नाही, ठीक आहे असंही म्हटलं नाही, आणि ताईला ते फार बरं वाटलं.

चुरा प्रयोगशाळेत गेला. चार दिवसांनी उत्तर आलं. त्या वीतभर खडकातून गॅस जाऊच शकत नव्हता. आजोबांनी पाचवं मॉडेल मांडायला घेतलं, परातीचे दोन तुकडे वेगवेगळे रंगवून, आणि उत्तरेच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘माहीत नाही’. साहेबांची बदली झाली, वरच्या जागी झाली असं लोक म्हणत. पहिलं पत्रक मागे घेतलं गेलं. नवीन पत्रकात कोणाचंच नाव नव्हतं. ताईने ते वाचलं, फाडलं, आणि अध्यक्षबाईंना तीन पानी पत्र लिहिलं की नाव घातलं होतं तितक्याच मोठ्या अक्षरांत ते पुसलं पाहिजे. दहा दिवसांनी तसं पत्रक निघालं.

ते घेऊन ती हॉस्पिटलात गेली. बाळ्याने दोनदा वाचलं, घडी केली, खाटेशेजारच्या खणात ठेवलं.

“भाऊजी?”

“त्यांच्या बहिणीकडे राहायला गेले. पुढचं कोर्ट बघेल.” ती खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर धरून. “बॅग मीच भरली. इतका राग होता की हाताला येईल ते कोंबत होते. आणि मग बघते तर इस्त्रीचे शर्ट वेगळे काढून वर ठेवलेले, चुरगळू नयेत म्हणून. का ठेवले, देव जाणे.”

बाळ्याचा चेहरा वाकडा झाला. चाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या दारात व्हायचा तसा.

“रडू नकोस,” ती खेकसली. “बरगड्या अजून जुळायच्यात तुझ्या.”

तो रडलाच. ताईने पदराने त्याचं नाक पुसलं, जरा जोरातच.